बांध तिने घातला, सातबारा कोणाचा?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक गावांत पेरण्या उरकलेल्या असतील आणि खुरपणीची घाई सुरू असेल. म्हणजे पुढचे दोन महिने बायकांची पाठ सरळ व्हायची नाही. याच दिवसांत तालुक्याच्या कृषी कार्यालयात मृद व जलसंधारणाच्या योजनांचे अर्ज, छाननी, स्थळपाहणी, मोजणी चाललेली असते. रानात बाई आणि कार्यालयाच्या बाकावर पुरुष, हे दृश्य आपल्या इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकावे असे आपल्यालाही वाटेनासे झाले आहे. म्हणून या वेळचे संपादकीय जमीन, पाणी आणि ते राखण्यासाठी सरकार जी मदत देते तिच्याबद्दल लिहायचे ठरवले. स्त्रियांच्या चळवळीने हुंडा, मारहाण, बलात्कार यांवर जितका आवाज उठवला तितका शेताच्या बांधावर उठवला नाही, असे आपल्याच बैठकांतून अनेकदा म्हटले गेले आहे. ते म्हणणे पुढे नेण्याचा हा प्रयत्न आहे.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा माझ्या पिढीने शाळेच्या भिंतीवर वाचली. ही घोषणा कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न मात्र समाजकार्याचे शिक्षण संपवून गावात कामाला लागल्यावर पडला. एका पाणलोट प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर दोन रकाने होते. एका रकान्याला मथळा 'शेतकरी', दुसऱ्याला 'महिला'. प्रशिक्षणाला आलेल्या तीस-बत्तीस बायका त्या दिवशी सकाळी शेतातूनच आल्या होत्या. कोणी पाणी धरून आली होती, कोणी शेणखत पसरून. तरी त्या 'महिला'. आणि गावात पानाचे दुकान चालवणारा, वर्षानुवर्षे जमीन बटाईने दिलेला गृहस्थ 'शेतकरी'. कारण सातबारा त्याच्या नावावर. हजेरीपत्रक छापणाऱ्याचा त्यात काही दुष्ट हेतू नव्हता. आपली सगळी कृषिव्यवस्था जे मानते तेच त्याने कागदावर उतरवले होते.

आता मदत कोणकोणती मिळते ते पाहू. शेताची बांधबंदिस्ती, समपातळी चर, नालाबांध, शेततळे, विहीर, फळबाग, ठिबक, तुषार. यातली काही कामे सरकार स्वतः करते, काहींना अनुदान देते. 2016 साली आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत 50 हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावते. ऑक्टोबरात पावसाने पाठ फिरवली तर एका-दोन संरक्षित पाण्यावर हरभरा किंवा ज्वारी हाती लागते. हे पाणी म्हणजे त्या घराला स्थलांतर करावे लागणार की नाही याचा निकाल असतो. ऊसतोडीला जावे लागले तर मुलीची शाळा सुटते, कोयत्यावर बाळंतपण होते, पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत गोष्टी जातात. शेततळे हा स्त्रियांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे तो असा.

पण या योजनेचे नाव नीट वाचा: मागेल त्याला. कोणी मागायचे? ज्याच्या नावावर किमान 0.60 हेक्टर म्हणजे दीड एकर जमीन असेल त्याने. ठिबकचा अर्ज करायचा तर सातबारा आणि आठ-अ, फळबागेला सातबारा, विहिरीला सातबारा. आणि 15 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात कृषी योजनांचा लाभ घ्यायला शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला आधार जोडून तयार होतो. पूर्वी एखादा समजूतदार कृषी सहायक बाईची अडचण पाहून काही मार्ग काढत असे. संगणकाला समजूत नसते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणजे ती शेतकरीच नाही. हजेरीपत्रकावरचे ते दोन रकाने आता यंत्रात पक्के झाले आहेत. म्हणून हा विषय आज तातडीचा आहे.

देशपातळीवरचे आकडे सर्वांना माहीत असले तरी पुन्हा सांगायला हवेत. 2022-23 च्या श्रमबल पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी तीन शेतीत आहेत. 2015-16 च्या कृषिगणनेत मात्र वहितीदार म्हणून नोंदलेल्या स्त्रिया जेमतेम 14 टक्के आणि त्यांच्याकडचे क्षेत्र 12 टक्क्यांच्या आत. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या व्यापक आहे. तिच्यात स्त्रिया आहेत, कुळे आहेत, भूमिहीनही आहेत. डॉ. स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले. त्यात जमीन नावावर नसली तरी स्त्रीला शेतकरी असल्याचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती. ते विधेयक मंजूर न होताच बारगळले. धोरणातली व्याख्या धोरणात राहिली, आणि व्यवहारात सातबारा हीच व्याख्या उरली.

जमीन राखण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते? पाभरीमागे सरते धरून पेरणारी बाई, खुरपणारी बाई, शेतातले दगडगोटे वेचून बांधावर रचणारी बाई, उकिरड्याचे खत पाटीने रानात नेणारी बाई, पुढच्या वर्षीचे बी राखेत घोळून मडक्यात जपणारी बाई. कोणत्या तुकड्यात पाणी साचते, कुठे ओघळ पडायला लागली, बांधावरचा कोणता पाला शेळी खाते, हे तिला माहीत असते, कारण ती रोज तिथे वाकलेली असते. स्त्री ही मुळातच निसर्गाच्या जवळ असते अशी मांडणी मला इथे करायची नाही. त्या मांडणीने आपल्याला देवी केले आणि कामाला जुंपून ठेवले. माझे म्हणणे साधे आहे. जी व्यक्ती एखादे काम वर्षानुवर्षे करते तिला त्या कामातले कळते. आणि ज्ञान एकीकडे, निर्णय दुसरीकडे असेल तर कामाचे नुकसान होते.

इतिहास पाहिला तर हा अन्याय आणखी स्पष्ट होतो. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, 1977 साली तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांवर डोक्यावर पाटी घेऊन उतरलेल्या मजुरांत बायका मोठ्या संख्येने होत्या. समान मजुरी, कामावर सावली, पाळणाघर यांसाठी त्यांनी मोर्चे काढले. महाराष्ट्रातल्या कितीतरी जणींचे पहिले आंदोलन तेच होते. त्या बांधांमुळे जी माती अडली ती कोणाच्या रानात अडली? पाझर तलावाखालच्या विहिरींना जे पाणी आले ते कोणाच्या उसाला गेले? पाटी वाहणाऱ्या बाईला मजुरी मिळाली, मत्ता दुसऱ्याची झाली. तरी निदान मजुरी तिची होती. 2014 च्या शेवटी सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात खोलीकरणाची कामे मोठ्या प्रमाणावर जेसीबी आणि पोकलेनने झाली. यंत्राचा मालक पुरुष, ठेकेदार पुरुष, लाभधारक खातेदार पुरुष. मत्ता तिची आधीच नव्हती, आता मजुरीही गेली. त्यानंतर पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत (2016 ते 2019) पुन्हा हजारो बायका टिकाव-फावडे घेऊन डोंगरावर गेल्या, या वेळी श्रमदान म्हणून. त्यांच्या उत्साहाचा मी अनादर करत नाही. मी स्वतः त्या चरांवर उभी राहिले आहे. पण श्रमदान करणारीच्या नावावर त्या शिवारात एक गुंठा नसेल, तर त्या दानाचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

संवर्धनाचे नियमही पाहा. पाणलोटाच्या गावांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करतात. डोंगर हिरवा व्हायला ती हवीच. पण बंदीचा भार कोणावर पडतो? ज्या घरी स्वतःचे रान आहे तिथे बांधावरचे गवत आहे, पऱ्हाट्यांचे सरपण आहे. ज्या घरी काही नाही तिथली बाई गायरानावर दोन शेळ्या चारत होती आणि डोंगरातून मोळी आणत होती. ग्रामसभेत हात वर करून बंदी होते, दुसऱ्या दिवशीपासून तिची शेळी विकायला निघते. दोन वर्षांनी विहिरींचे पाणी वाढते, पण विहीर तिची नसते. 2008 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाणलोट समितीत निम्मे सदस्य बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि भूमिहीन यांच्यामधून असावेत असे ठरले. आपल्या किती गावांत त्या बायकांनी सभेला बसून बंदीच्या बदल्यात चारा आणि सरपणाची सोय आधी करून घेतली आणि किती गावांत त्यांच्या घरी रजिस्टर पाठवून अंगठे घेतले, हे प्रत्येक गटाने आपापल्या गावात तपासावे.

सर्वांत कठीण अवस्था एकट्या स्त्रीची. 'मागेल त्याला शेततळे' योजनेच्या निर्णयात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना प्राधान्य होते. सरकारने चांगल्या हेतूने ते लिहिले होते. पण वारस म्हणून नोंद कोणाची? महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या 505 स्त्रियांशी बोलून केलेल्या पाहणीत, नवरा जी जमीन कसत होता तिच्यावर 40 टक्के स्त्रियांना अजून हक्क मिळालेला नव्हता. म्हणजे ज्यांच्यासाठी प्राधान्य ठेवले त्यांच्यातल्याच अनेकजणी दाराबाहेर. मराठवाड्यातल्या एका गावात अशीच एक बाई मला म्हणाली, "ताई, विहीर ढासळली तर गाळ मी काढायचा, आन् विहीर मंजूर झाली तर नाव दिराचं." तिच्या सासऱ्याच्या नावावरचे खाते सामाईक होते. नवरा गेल्यावर तिचे नाव लागले नाही. ठिबकच्या अर्जाला दिराचे संमतीपत्र लागत होते आणि दीर म्हणत होता, आधी मुलीचे लग्न माझ्या पसंतीने कर.

तिचे नाव कसे हरवते हे आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. अन्याय नेहमी दांडग्याईने होतो असे नाही, पुष्कळदा तो तीन-चार अक्षरांत होतो. पहिली अक्षरे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव मॅनेजर म्हणून लागते आणि बाकी सगळे हिस्सेदार त्याच्या सावलीत जातात. दुसरी 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा मेल्यावर लहान मुलाचे नाव लावून विधवेला त्याची 'अ.पा.क. आई' म्हणून लिहितात. ती मुलाची पालक आहेच, पण ती स्वतःच्या हक्काने पहिल्या वर्गाची वारसही आहे. मुलगा सज्ञान झाला की पालनकर्ती गळते आणि बाई रिकाम्या हाताने उरते. तिसरी जागा म्हणजे 'इतर हक्क' हा रकाना. मुलींची आणि विधवांची नावे खातेदाराच्या रकान्याऐवजी तिकडे टाकायची जुनी रीत होती. नाव लागले म्हणून बाई समाधानी, पण योजनेच्या दृष्टीने ती खातेदार नाही. आणि चौथी गोष्ट हक्कसोड. बाप गेल्यावर दहाव्या-तेराव्याला जमलेल्या बहिणींकडून सही घेतली जाते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्याशिवाय कायद्याने ग्राह्य नाही, हे किती बहिणींना माहीत असते?

कायदा आता बराचसा आपल्या बाजूने आहे, हे आपल्याच लढ्याचे फळ आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने वारस केले. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्यावेळी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मानेच येतो. पत्नीच्या बाबतीत मात्र मोठी उणीव आहे. नवरा हयात असेपर्यंत त्याच्या नावाच्या जमिनीत तिला आपोआप हिस्सा नाही. त्यामुळे परित्यक्ता स्त्री वीस वर्षे त्या रानात राबलेली असली तरी तिला तिथून रिकाम्या हाताने घालवता येते. आणि धर्म, जमात बदलली की कायदाही बदलतो, हे वेगळेच.

तरीही वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या शेतकरी बायकांनीच दाखवलेली आहे. 1986 च्या चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी महिला आघाडीच्या झेंड्याखाली फार मोठ्या संख्येने ग्रामीण स्त्रिया जमल्या आणि त्यांच्या मालमत्तेचा प्रश्न शेतकरी चळवळीच्या अजेंड्यावर आला. त्यातून पुढे शेतकरी संघटनेचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. ज्या गावात शंभर पुरुष आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. 'लक्ष्मी' या शब्दावर आपल्या मैत्रिणींचे आक्षेप होते, माझेही आहेत. नवऱ्याने उदार होऊन द्यायचे ही कल्पनाही अपुरी आहे. पण त्याचा एक ठोस परिणाम झाला. 1992 साली महसूल खात्याने परिपत्रक काढले, आणि नवऱ्याने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली. त्यासाठी खरेदीखत लागत नाही, वाटणी लागत नाही. हे परिपत्रक निघून तीन दशके उलटली. महिला दिनाच्या भाषणात त्याचा उल्लेख होतो आणि गावात विचारले तर अनेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

संयुक्त नावाने काही बिघडत नाही याचा दुसरा पुरावा वनहक्क कायदा आहे. 2006 च्या या कायद्याने वनजमिनीचा वैयक्तिक हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे, आणि कुटुंबप्रमुख एकटी असेल तर तिच्या एकटीच्या नावे द्यायचे सांगितले. म्हणजे आदिवासी पाड्यावर सरकार जे करू शकते ते महसुली गावात करू शकत नाही असे नाही. तिथे फक्त इच्छा कमी पडते.

आणि जिच्याकडे मुळात जमीनच नाही तिचे काय? सातबाऱ्यावर नाव लावून भूमिहीन, दलित, भटक्या घरातल्या बाईचा प्रश्न सुटत नाही, हे आपण विसरता कामा नये. इथे पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा धडा उपयोगी आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीचे तत्त्व असे होते की पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात द्यायचा नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचा. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. या तत्त्वात माणूस मोजला, आणि माणसे मोजायची तर बाईही मोजावी लागते. सांगली भागात बळीराजा धरण बांधणाऱ्या दुष्काळी गावांनी आणि मुक्ती संघर्ष चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली तीही याच जातीची. पाणी अडवायला सार्वजनिक पैसा वापरला, तर ते पाणी फक्त सातबाऱ्यामागे का धावावे?

धाराशिव, लातूर भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी घरच्यांशी बोलून अर्धा-एक एकर आपल्याकडे मागून घेतला. त्यावर एकट्या सोयाबीनऐवजी डाळी, तृणधान्ये, भाज्या अशी मिश्र पिके घेतली, गांडूळखत वापरले, कमी पाण्यात भागवले. दुष्काळात ते रान घराला खाऊ घालते हे पाहून पुरुषांचाही विरोध मावळत गेला. 2017 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. या प्रयोगातून दिसते की निर्णय बाईच्या हातात आला की माती-पाण्याकडे पाहण्याची रीत बदलते. तिला आधी घरातले ताट दिसते, नंतर बाजार. पण इथेही एक प्रश्न उरतोच. तो एकर वापरायला मिळाला, नावावर झाला का? सुपीक झाल्यावर परत मागितला तर? बांध, सेंद्रिय खत, झाडे यांची फळे पाच-दहा वर्षांनी मिळतात. उद्या आपल्याला इथून काढतील या धास्तीत असलेल्या माणसाने आंब्याचे कलम लावावे ही अपेक्षाच चूक आहे. हक्काची शाश्वती हा संवर्धनाचाही पाया आहे. म्हणून पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या साथींना मी सांगू इच्छिते, "आधी माती वाचवू, मग बायकांचे पाहू" असा क्रम लावू नका. ती दोन कामे वेगळी नाहीत.

गावात हा विषय काढला की काही आक्षेप हमखास येतात. पहिला, जमिनीचे तुकडे पडतील. भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा कोणाला तुकडे आठवत नाहीत, बहिणीच्या वेळीच आठवतात. शिवाय नाव लागणे म्हणजे सरीवरंबा पाडून वाटणे नव्हे. खाते सामाईक राहू शकते. दुसरा, बहिणीने हक्क मागितला की माहेर तुटते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संकटातल्या बाईला माहेर हा एकच आसरा असतो आणि तो जाईल ही तिची भीती खरी आहे. म्हणूनच तिने एकटीने मागू नये. गटाने, गावाने मिळून मागावे, म्हणजे एकीवर राग निघत नाही. आणि भावालाही विचारावे, की बहीण हक्क सोडते म्हणून टिकणारे नाते नक्की कशावर टिकले आहे? 2024 पासून सरकारची बहीण लाडकी झाली आहे, दरमहा तिच्या खात्यात पैसे येतात. ते तिला हवेच आहेत. पण ती लाडकी बहीण सातबाऱ्यावर आली की दोडकी का होते? तिसरा आक्षेप, नाव लागले तरी कारभार नवराच करणार. हे पुष्कळ घरांत खरे आहे. सरपंचपदाच्या आरक्षणावरही हाच आक्षेप होता. नाव लागल्याने सगळे बदलत नाही, पण नाव नसताना तर काहीच सुरू होत नाही.

तेव्हा गटांनी करायचे काय? 2025 च्या एप्रिल-मे मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' ही मोहीम राबवली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू. अशा मोहिमेत बायकांची नावे लागली की कायमची गळली, हे पाहणे आपले काम आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या विधवा, परित्यक्ता आणि मुलगे नसलेल्या स्त्रियांची यादी करावी आणि त्यांचे सातबारे, आठ-अ आणि फेरफार काढून एकत्र बसून वाचावेत. बचतगटाच्या बैठकीत हिशेबाची वही वाचता येते तसा सातबाराही वाचता येतो. नाव खातेदाराच्या रकान्यात आहे की इतर हक्कात, पुढे काय अक्षरे आहेत, ते पाहावे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यायची असते, उशीर झाला तरी ती देता येते. अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) देऊन पोच घ्यावी. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. त्या दिवसांत बाईला एकटी सोडू नये. चुकीचा फेरफार मंजूर झाला तर प्रांताकडे अपील करता येते. ज्या घरात नवरा-बायकोचे बरे आहे तिथे 1992 च्या परिपत्रकाचा अर्ज भरून घ्यावा, आणि सुरुवात आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरांपासून करावी. आपल्या चळवळीतल्या किती साथींच्या घरच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे, हा प्रश्न पुढच्या मेळाव्यात विचारायला हरकत नाही.

आणि सरकारकडे आपण मागायचे ते असे:

1. शेतकरी ओळख क्रमांक देताना केवळ जमिनीच्या नोंदीवर अवलंबून न राहता प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीला ग्रामसभेच्या दाखल्यावर तो मिळावा.

2. सामाईक खात्यातल्या विधवा व परित्यक्ता स्त्रीला जलसंधारणाच्या योजनांसाठी दीर-सासऱ्यांच्या संमतीपत्राची अट नसावी.

3. सार्वजनिक पैशातून विहीर, शेततळे किंवा फळबाग मंजूर होताना त्या जमिनीवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावणे ही मंजुरीची अट असावी.

4. खर्च आधी आणि अनुदान मागाहून, ही पद्धत हाती पैसा नसलेल्या स्त्रीला बाहेर ठेवते. तिला आगाऊ रक्कम मिळावी.

5. पाणलोटाच्या कामात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करण्यापूर्वी चारा आणि सरपणाची पर्यायी सोय झाल्याचा ठराव बायकांच्या ग्रामसभेने करावा, आणि वाढलेल्या पाण्यात भूमिहीन स्त्रियांच्या गटांचा वाटा लेखी ठरावा.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. अशा वर्षांत परिषदा होतात, सत्कार होतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचे चित्र भित्तिपत्रकावर छापले जाते. त्या चित्रातल्या बाईला नाव नसते. आपल्या गावातल्या बाईला नाव आहे. ते कोणत्या गटाने, किती सातबाऱ्यांवर, कोणत्या रकान्यात लावून घेतले याचे अहवाल आमच्याकडे पाठवा. अडचणी आल्या तर त्याही लिहा: कोणत्या पायरीवर अर्ज अडला, कोणते कारण सांगितले, घरात काय झाले. येत्या अंकांतून आपण ते सगळे एकत्र मांडू, म्हणजे एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाच्या कामी येईल. खुरपणी संपायला महिना-दीड महिना आहे. तेवढ्यात निदान गावातल्या एकट्या बायकांचे सातबारे काढून ठेवू या.